प्रोजेक्टरशी सिरियल केबलवरून बोलायचं कसं

होम थिएटरमधले दिवे, आवाज, पडदा असं सगळं एका बटणावर आणायला घेतलं की घोडं बहुतेक वेळा प्रोजेक्टरपाशी अडतं. बऱ्याच रिमोटवर पॉवरचं बटण एकच असतं. बंद असेल तर चालू करतं, चालू असेल तर बंद. माणूस समोर बसलेला असेल तोवर यानं काही बिघडत नाही. पण तेच बटण एखाद्या प्रोग्रॅमकडून दाबून घ्यायचं झालं, तर प्रोजेक्टर आत्ता चालू आहे की बंद, हे कळायला त्याला काहीच मार्ग नसतो. इन्फ्रारेडचा सिग्नल छतापर्यंत पोचला की वाटेतच अडला, हेही कळत नाही.

सिरियल पोर्ट इथे कामाला येतो. त्याचं आरएस-२३२ हे मानक १९६० साली अमेरिकेत ठरलं, तेव्हा ते टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी होतं. घरच्या कॉम्प्युटरवरून तो पोर्ट केव्हाच गेला, पण चांगल्या प्रोजेक्टरच्या आणि मोठ्या टीव्हींच्या पाठीमागे तो अजून सापडतो. त्याचे फायदे दोन. चालू करायची आणि बंद करायची कमांड वेगवेगळी असते आणि प्रत्येक कमांडला उत्तर येतं. माझ्या मते दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे. प्रोजेक्टरला नुसतं सांगायचं नसतं, त्याला विचारायचं असतं. खालची सगळी मांडणी याच एका सवयीभोवती केली आहे.

उदाहरणासाठी मी एप्सनचा प्रोजेक्टर घेतला आहे, कारण त्याच्या कमांड साध्या अक्षरांत असतात आणि नवख्याला हातानं टाइप करून पाहता येतात. कमांड इथे अक्षरांच्या उच्चारानं लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीतली मोठी अक्षरं आणि साधे इंग्रजी आकडे वापरायचे.

आधी पोर्ट आणि मॅन्युअल

प्रोजेक्टरच्या मागे नऊ पिनांचा, वरची बाजू थोडी रुंद असलेला पोर्ट शोधा. त्यावर ‘आरएस-२३२सी’ असं छापलेलं असतं. एप्सनवर तो मेल असतो, म्हणजे पिना बाहेर दिसतात. १५ पिनांचा व्हीजीए पोर्ट आकारानं जवळपास तेवढाच दिसतो, तेव्हा पिना मोजून घ्या. काही टीव्हींवर हाच पोर्ट हेडफोनसारख्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकच्या रूपात असतो. त्याला कंपनीची ठरावीक केबल लागते, त्यातली जोडणी अंदाजानं करू नका.

मग कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलची कमांडची यादी उतरवून घ्या. खोक्यात येणाऱ्या पुस्तिकेत ती बहुधा नसते. एप्सनच्या या कमांडभाषेचं नाव ईएससी/व्हीपी२१. यादीत तीन गोष्टी आधी पाहायच्या: बॉड रेट (म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग) किती, केबल सरळ की क्रॉस आणि कमांड कोणत्या अक्षरावर संपते. एप्सनसाठी उत्तरं अशी: ९६००, क्रॉस, कॅरेज रिटर्न (ओळ संपवणारं, न दिसणारं अक्षर).

अ‍ॅडाप्टर आणि केबल

लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, त्यामुळे यूएसबी-टू-सिरियल अ‍ॅडाप्टर लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. विचारताना आतली चिप कोणती ते विचारा. एफटीडीआयची असली तर निश्चिंत राहा. सीएच३४० स्वस्त आहे आणि ९६००च्या वेगाला पुरेशी आहे. पीएल२३०३ घेताना जपून, कारण या चिपच्या नकला बाजारात फार फिरतात आणि कंपनीचे नवे विंडोज ड्रायव्हर जुन्या व नकली चिपांना सरळ नाकारतात. अ‍ॅडाप्टर दिसतो, पोर्ट मात्र उघडत नाही. नवखा माणूस मग दिवसभर प्रोजेक्टरला दोष देत बसतो.

आता केबल. आरएस-२३२मध्ये आपल्याला तीनच तारांशी काम आहे: पिन २, पिन ३ आणि पिन ५. पाच ही ग्राउंड. कॉम्प्युटरच्या बाजूला ३ नंबरची पिन पाठवते आणि २ नंबरची ऐकते. समोरचं उपकरणही ३ वरच पाठवत असेल, तर मध्ये २ आणि ३ची अदलाबदल केलेली केबल हवी. हीच क्रॉस केबल किंवा नल मोडेम केबल. समोरचं उपकरण २ वर पाठवत असेल तर सरळ केबल.

कोणती पिन पाठवते हे मॅन्युअलमध्ये सापडलं नाही तर मल्टिमीटर काढा. प्रोजेक्टर चालू ठेवा, केबल लावू नका. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी तार पिन ५ ला आणि लाल तार आधी २ ला, मग ३ ला टेकवा. पिना अगदी जवळजवळ असतात, तेव्हा टोकं एकमेकांना लागू देऊ नका. आरएस-२३२मध्ये पाठवणारी तार गप्प असताना उणे व्होल्टेजवर असते. जिथे उणे ५ ते उणे १० व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल ती पाठवणारी पिन, जिथे शून्याजवळ दिसेल ती ऐकणारी. या मोजणीला एक मिनिट लागतं आणि तिच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. केबलवर चिकटवलेलं ‘क्रॉस’चं लेबल मी कधीच पुरावा मानत नाही. केबलही मीटरच्या कंटिन्युइटीवर (तार एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जोडलेली आहे का हे दाखवणारी सोय) तपासून घ्यावी.

एक इशारा. रास्पबेरी पाय किंवा ईएसपी३२ या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डांच्या पिनांवरही ‘सिरियल’ असतं, पण ते ३.३ व्होल्टचं. आरएस-२३२ची तार उणे आणि अधिक, दोन्ही दिशांना कित्येक व्होल्ट जाते. ती थेट बोर्डाच्या पिनेला जोडली तर बोर्ड जळू शकतो. मध्ये मॅक्स३२३२ चिपचं छोटं मॉड्यूल हवंच. पायला यूएसबी अ‍ॅडाप्टर लावलात तर हा प्रश्न येत नाही.

भिंतीतून तार नेताना

घराचं काम चालू असेल तर फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी प्रोजेक्टरच्या जागेपर्यंत एचडीएमआयसोबत दोन कॅट-६ तारा टाकून ठेवा. एक नेटवर्कसाठी, एक सिरियलसाठी. पीओपी झाल्यावर हे काम दसपट महाग पडतं. आरएस-२३२ची जुनी मर्यादा १५ मीटर म्हणून सांगितली जाते, पण खरी मर्यादा तारेच्या कपॅसिटन्सची (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेची) आहे, २५०० पिकोफॅरडची. कॅट-६ची तार मीटरला साधारण ५० पिकोफॅरड धरली तर ९६००च्या वेगाला घरातलं कुठलंही अंतर सहज निभावतं.

कॅट-६मध्ये पाठवणारी आणि ऐकणारी तार एकाच पिळात घेऊ नका. एका जोडीत पाठवणारी आणि तिच्याबरोबर ग्राउंड, दुसऱ्या जोडीत ऐकणारी आणि तिच्याबरोबर ग्राउंड. आणि टोकाला इथरनेटचा जॅक बसवणार असाल तर दोन्हीकडे ‘सिरियल’ म्हणून ठळक लिहा. उद्या कोणी ती तार नेटवर्कच्या स्विचमध्ये खुपसली, तर प्रोजेक्टरचा पोर्ट आणि स्विच दोन्ही पणाला लागतात.

पहिला संवाद

प्रोजेक्टर जोडण्याआधी अ‍ॅडाप्टर एकटाच तपासा. त्याच्या पिन २ आणि ३ एका छोट्या तारेनं जोडा. विंडोजवर टेरा टर्म किंवा पुटी हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, सिरियल निवडा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारा कॉम नंबर टाका. सेटिंग: ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल नाही. आता काहीही टाइप करा. पाठवलेलं तसंच परत येऊन पडद्यावर दिसलं पाहिजे. तार काढली की अक्षरं दिसणं थांबलं पाहिजे. एवढं झालं की ड्रायव्हर, पोर्ट आणि अ‍ॅडाप्टर तिन्ही ठीक आहेत हे पक्कं झालं. पुढे अडचण आली तर ती केबलमध्ये किंवा प्रोजेक्टरमध्येच शोधायची.

आता क्रॉस केबल लावा आणि नुसतं एंटर दाबा. एप्सन उत्तरात एक विसर्गचिन्हासारखं कोलन पाठवतो. एवढासा तो कोलन दिसला की जोडणी जमली. तो नाही आला तर पुढच्या कमांड मारत बसण्यात अर्थ नाही.

मग विचारा: पी-डब्ल्यू-आर आणि लगेच प्रश्नचिन्ह, मग एंटर. टाइप केलेली अक्षरं पडद्यावर दिसणार नाहीत, कारण प्रोजेक्टर ती परत पाठवत नाही. घाबरू नका, हवं तर लोकल एको (टाइप केलेलं आपल्याच पडद्यावर दाखवायची सोय) चालू करा. उत्तर येईल: पी-डब्ल्यू-आर, बरोबरचं चिन्ह आणि दोन आकडे. ०० म्हणजे स्टँडबाय, ०१ म्हणजे चालू, ०२ म्हणजे दिवा तापतो आहे, ०३ म्हणजे थंड होतो आहे, ०४ म्हणजे नेटवर्क जागं ठेवून स्टँडबाय, ०५ म्हणजे काहीतरी बिघाड. उत्तरानंतर पुन्हा तो कोलन येतो. ‘माझं बोलणं संपलं, आता तुम्ही बोला’ असा त्याचा अर्थ. कोलन येण्याआधी पुढची कमांड पाठवायची नाही, हा नियम पक्का धरा. सिरियलच्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ घाईत असतं.

आता चालू करा: पी-डब्ल्यू-आर, मोकळी जागा, ओ-एन, एंटर. बंद करायला ओ-एनच्या जागी ओ-एफ-एफ. दिवा किती तास जळला हे पाहायचं तर एल-ए-एम-पी आणि प्रश्नचिन्ह. इनपुट बदलायला एस-ओ-यू-आर-सी-ई, मोकळी जागा आणि इनपुटचा नंबर. घरगुती मॉडेलांवर पहिल्या एचडीएमआयसाठी बहुधा ३० आणि दुसऱ्यासाठी ए-शून्य. कमांड चुकली किंवा त्या घडीला चालण्याजोगी नसली तर उत्तर ई-आर-आर येतं. हेच ई-आर-आर प्रश्नचिन्ह लावून विचारलंत तर प्रोजेक्टर स्वतःचा बिघाड सांगतो: ०० म्हणजे सगळं ठीक, ०१ म्हणजे पंख्याची अडचण, ०४ म्हणजे आतलं तापमान जास्त. उन्हाळ्यात बंद खोलीत सिनेमा पाहणाऱ्यांनी ही शेवटची विचारणा महिन्यातून एकदा तरी करावी. आपल्याकडची धूळ एअर फिल्टर किती लवकर भरते हे फिल्टर काढून पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही.

उत्तर येत नसेल तर

काहीच येत नसेल तर २ आणि ३ची अदलाबदल तपासा. दहापैकी बऱ्याच वेळा तिथेच सापडतं. अर्थहीन चिन्हं येत असतील तर बॉड रेट चुकला आहे. प्रोजेक्टर ऐकतो पण वागत नाही असं वाटलं तर ओळ संपवणारं अक्षर पाहा. काही टर्मिनल प्रोग्रॅम एंटरला लाइन फीड हे वेगळं अक्षर पाठवतात, एप्सनला कॅरेज रिटर्न हवा असतो. लिनक्सवर पोर्ट उघडायला परवानगी नाही असं आलं, तर तुमच्या युजरला ‘डायलआउट’ गटात घाला, लॉगआउट होऊन परत या. आणि टीव्ही किंवा प्रोजेक्टरच्या मेनूत सिरियल चालू-बंद करायची किंवा बॉड रेट बदलायची सोय आहे का हेही पाहून घ्या. बेन्क्यूच्या काही मॉडेलांवर तो मेनूतून बदलता येतो.

दुसऱ्या कंपन्यांची तऱ्हा

तत्त्व तेच, बोली वेगळी. एलजीच्या टीव्हीत दोन अक्षरांची कमांड, मग सेटचा नंबर, मग आकडा. के-ए, ०१, ०१ म्हणजे एक नंबरचा सेट चालू. आवाजासाठी के-एफ. पण आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या मोजणीत) द्यायचा, म्हणजे आवाज २० हवा तर १४ लिहायचं. उत्तरात ओ-के किंवा एन-जी येतं. शार्पच्या अ‍ॅक्वोस टीव्हीत चार अक्षरांची कमांड आणि चार जागांचा आकडा, उरलेल्या जागा स्पेसनं भरायच्या. एक स्पेस कमी पडली तरी तो नकार देतो. शिवाय स्टँडबायमधून उठवायचं असेल तर आर-एस-पी-डब्ल्यू ही कमांड १ देऊन आधी, टीव्ही चालू असतानाच, पाठवून ठेवावी लागते.

जेव्हीसीच्या प्रोजेक्टरला अक्षरं टाइप करून चालत नाही, त्याला बाइट लागतात आणि वेगही १९२००. चालू करायला हेक्समध्ये २१, ८९, ०१, ५०, ५७, ३१, ०ए. यातले ५० आणि ५७ म्हणजे ‘पी’ आणि ‘डब्ल्यू’ हीच अक्षरं, ३१ म्हणजे ‘१’ हा आकडा आणि ०ए म्हणजे ओळीचा शेवट. असं फोडून पाहिलं की ती आकड्यांची माळ वाचता येऊ लागते. विचारायचं असेल तर सुरुवातीच्या २१च्या जागी ३एफ, जे खुद्द प्रश्नचिन्हाचंच हेक्स रूप आहे, आणि ३१ गाळायचा. विंडोजवर असे बाइट पाठवायला रिअलटर्म सोयीचं.

प्रोग्रॅमच्या हाती देताना

हातानं सगळं नीट चाललं, मगच ऑटोमेशनकडे वळा. पायथनमध्ये पायसिरियल ही लायब्ररी आहे आणि पन्नासेक ओळींत काम होतं. लिनक्सवर पोर्टचं नाव मात्र ‘टीटीवाययूएसबी शून्य’ असं ठेवू नका. दुसरा अ‍ॅडाप्टर लागला किंवा वीज जाऊन आली की क्रमांक बदलतात. ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘सिरियल’ आणि त्यात ‘बाय-आयडी’ अशी जागा असते, तिथलं लांबलचक नाव घ्या. ते सहसा बदलत नाही.

‘सिनेमा सुरू’ या एका बटणामागचा क्रम मी असा लावतो. आधी अवस्था विचारायची. ०१ असेल तर थेट इनपुटकडे जायचं. ०० किंवा ०४ असेल तर चालूची कमांड द्यायची. ०३ असेल, म्हणजे कोणी नुकताच बंद केला असेल, तर काही न पाठवता थांबायचं आणि स्टँडबाय आल्यावरच चालू करायचं. चालू केल्यावर दर पाच सेकंदांनी विचारत राहायचं, ०१ आलं की इनपुट बदलायचं, आणि इनपुट बदलल्याची खात्री झाल्यावरच खोलीतले दिवे मंद करायचे. दोन मिनिटं उलटूनही ०१ आलं नाही तर थांबून फोनवर सूचना पाठवायची. दिवे शेवटी का? प्रोजेक्टर काही कारणानं चालू झालाच नाही तर आजी-आजोबा अंधारात चाचपडत बसू नयेत म्हणून.

‘चालू केल्यावर ४० सेकंद थांब’ अशी ठोकळ वेळ घालणारे पुष्कळ आहेत. ते करू नका. थंडीत, उन्हात, दिवा जुना झाल्यावर ती वेळ बदलते. प्रोजेक्टर स्वतः उत्तर द्यायला तयार असताना अंदाज कशाला?

बंद करताना ओ-एफ-एफ पाठवायचं आणि ०० किंवा ०४ येईपर्यंत वाट पाहायची. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज स्मार्ट प्लगवरून थेट तोडण्याचा मोह अनेकांना होतो. पंखा दिव्याला थंड करत असताना वीज तोडली तर दिव्याचं आयुष्य घटतं. प्लग वापरायचाच असेल तर स्टँडबायचं उत्तर आल्यावर वापरा.

वीज जाणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग, तो प्रोग्रॅममध्ये धरलाच पाहिजे. एप्सनच्या मेनूत ‘डायरेक्ट पॉवर ऑन’ ही सोय असते. ती चालू राहिली तर वीज परत येताच प्रोजेक्टर आपोआप पेटतो, मग घरात कोणी असो वा नसो. घरासाठी ती बंदच ठेवा. प्रोग्रॅमनंही वीज आल्यावर आधीची अवस्था लक्षात ठेवून वागायचं नाही, पुन्हा विचारायचं. पोर्ट उघडला नाही तर प्रोग्रॅम कोसळू न देता थोड्या वेळानं परत उघडून पाहायचा. मोठ्या प्रोजेक्टरला ३०० ते ४०० वॅट लागतात, तेव्हा यूपीएस घेताना तो अख्खा सिनेमा चालवण्यासाठी नसून दिवा नीट थंड करण्यासाठी आहे हे धरून घेतला तर छोटा आणि परवडणारा चालतो.

सिरियल की नेटवर्क

प्रोजेक्टरला लॅन असेल तर याच कमांड नेटवर्कवरून जातात. एप्सन ३६२९ या टीसीपी पोर्टवर ऐकतो, फक्त सुरुवातीला एक ठरावीक ओळखीचा संदेश द्यावा लागतो. जेव्हीसी २०५५४ वर. पीजेलिंक नावाचं जपानी उद्योगसंघटनेचं सामाईक मानक आहे, ते ४३५२ वर चालतं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रोजेक्टरना एकच भाषा पुरते. होम असिस्टंट या घरगुती ऑटोमेशनच्या प्रोग्रॅममध्ये एप्सन, जेव्हीसी आणि पीजेलिंक यांच्या तयार जोडण्या आहेत. लॅनवरून स्टँडबायमधल्या प्रोजेक्टरला उठवायचं असेल तर मेनूतल्या स्टँडबाय मोडमध्ये नेटवर्क जागं ठेवावं लागतं. वर सांगितलेलं ०४ ते हेच. आणि यातला कुठलाही पोर्ट राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला उघडा करू नका. बाहेरून लागलंच तर व्हीपीएनमधून या.

माझ्या घरी लॅनची सोय असूनही मी प्रोजेक्टरसाठी सिरियल तारच ठेवली आहे. राउटर बदलला, वायफायचा पासवर्ड बदलला, आयपी अ‍ॅड्रेस सरकला तरी तिला काही फरक पडत नाही. तीन तारा एकदा नीट बसल्या की वर्षानुवर्षं तशाच चालतात. टीव्ही हाताशी असेल, राउटरजवळच असेल, तर मात्र लॅनच सोपं आणि तिथे सिरियलचा हट्ट धरायचं कारण नाही.

सगळं बसल्यावर एक कागद करा: बॉड रेट, केबल सरळ की क्रॉस, कॅट-६चा कुठला रंग कुठल्या पिनेला, वापरलेल्या कमांड आणि त्यांची आलेली उत्तरं. तो प्रोजेक्टरच्या ब्रॅकेटला प्लॅस्टिकच्या पिशवीत अडकवून ठेवा. शिडीवर चढलेल्या माणसाला तो तिथेच हवा असतो.